संशोधनाला पहारा असावा, पण कसा?

(संस्थेच्या पालक मेळाव्यातील भाषण)



आपली मुले आता परदेशी विद्यापीठांत पीएच.डी.साठी अर्ज करू लागली आहेत. तेव्हा तिकडची सरकारे आपले संशोधन परकीय हस्तक्षेपापासून कसे जपतात, हे आपण जाणून घेतलेले बरे.

जपणे गैर नाही. प्रयोगशाळा जनतेच्या पैशावर चालते. हार्वर्डच्या रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख चार्ल्स लीबर यांनी वुहानच्या एका विद्यापीठाशी महिना ५० हजार डॉलरपर्यंतचा करार केला आणि चौकशीत तो दडवला. डिसेंबर २०२१ मध्ये ते दोषी ठरले. गुन्हा करार करण्याचा नव्हता, खोटे बोलण्याचा व मिळकत लपवण्याचा होता. आणि हे गृहस्थ जन्माने अमेरिकन, हे ध्यानात असू द्या.

परंतु अमेरिकेच्या न्याय खात्याने २०१८ मध्ये या कामासाठी जी मोहीम काढली, तिचे नावच मुळी ‘चायना इनिशिएटिव्ह’! नाव तसे, नजरही तशीच. टेनेसी विद्यापीठाचे प्राध्यापक आनमिंग हू यांना फेब्रुवारी २०२० मध्ये अटक झाली. नोकरी गेली. पहिल्या खटल्यात ज्यूरीचे एकमत होईना. अखेर सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायाधीशांनी त्यांना निर्दोष सोडले. एमआयटीच्या गँग चेन यांच्यावरील आरोप तर सरकारनेच वर्षभराने मागे घेतले. फेब्रुवारी २०२२ मध्ये मोहीम गुंडाळण्यात आली.

यातून शहाणपण आले म्हणावे, तर २०२३ मध्ये फ्लोरिडा राज्याने चीन, इराण, सीरिया आदी सात देशांच्या रहिवाशांना सरकारी विद्यापीठात पगारी संशोधन-सहायक नेमण्यावर वरिष्ठ मंडळाच्या मंजुरीची अट घातली. म्हणजे तेहरानची मुलगी काय शिकली हे नंतर, कोठली हे आधी!

कॅनडाचे जानेवारी २०२४ चे धोरण मला त्यामानाने पटते. तेथे एक यादी संवेदनशील तंत्रज्ञानाची, दुसरी परदेशी लष्कर वा गुप्तहेर यंत्रणेशी जोडलेल्या संस्थांची. अशा संस्थेशी चालू संबंध असेल, तर त्या विषयाला केंद्राचे अनुदान नाही. अर्जदाराचे राष्ट्रीयत्व पाहिले जात नाही. संबंध तोडता येतो, जन्मगाव कसे बदलणार?

आता घरची गोष्ट. अर्जात ‘इतर नेमणुका व उत्पन्न’ असे विचारलेले असते. किरकोळ म्हणून ते कोरे सोडू देऊ नका. सुट्टीतल्या दोन व्याख्यानांचे मानधनही लिहावे, पत्रांच्या प्रती फाईलला लावाव्यात. हू यांचा सारा खटला बीजिंगच्या एका विद्यापीठातील अर्धवेळ कामाची नोंद नीट केली की नाही, यावरच उभा होता.