आधी फिट पाहणाऱ्याला विचारा

जळगाव-धुळ्याच्या तालुक्यातालुक्यांतून दवाखाने बंद ठेवून आलेल्या डॉक्टर बंधुभगिनींनो,

संघटनेच्या या अध्यक्षीय भाषणात मेंदूच्या शरीरक्रियाशास्त्राचा आढावा घ्यावा, असे मला सुचवले होते. तो थोडक्यात आटोपतो, कारण अनेक वर्षे मनात साचलेले बोलायचे आहे. फिटचे निदान आपण ईईजीच्या कागदावर सोपवले, आणि जिने ती फिट डोळ्यांनी पाहिली त्या आईला, आजीला दाराबाहेर बसवले.

हान्स बर्गर यांनी येना येथे १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरी प्रथम टिपल्या आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केल्या. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी दुजोरा देईपर्यंत फारसा कोणाचा विश्वास बसला नव्हता. आज आपण त्या लहरींच्या आलेखावर, म्हणजे ईईजीवर, डोळे मिटून विश्वास ठेवतो. पण त्यात दिसते काय? मेंदूच्या पृष्ठभागातील असंख्य पेशींच्या चेतासंधींवर एकाच वेळी उठणाऱ्या विद्युतदाबांची बेरीज, तीही कवटी ओलांडून आलेली, मायक्रोव्होल्टमध्ये मोजावी लागणारी. काही चौरस सेंटिमीटर भाग एकदम पेटल्याशिवाय आलेखात उमटत नाही. कानशिलामागच्या खोल भागातले कित्येकदा उमटतच नाही. अपस्माराच्या जवळपास निम्म्या रुग्णांचा पहिला ईईजी निर्दोष येतो. उलट निरोगी माणसाच्या आलेखातही कधी दोष सापडतो.

प्रत्येक फिटला ईईजी सक्तीचा करावा का, यावर सकाळी बराच वाद झाला. माझे उत्तर अमळनेर तालुक्यातल्या एका मुलीकडे आहे. शाळेत प्रार्थनेला उभी असताना ती पडायची, हातपाय झटकायची. कुठेतरी ईईजी काढला, त्यात दोष दिसला, गोळ्या सुरू झाल्या आणि वर्षानुवर्षे चालल्या. हिरड्या वाढल्या, अभ्यास मागे पडला, बघायला आलेले पाहुणे गोळ्यांची पिशवी पाहून परत गेले. हिंदू विवाह कायद्यातला अपस्माराचा अडसर १९९९ मध्ये निघाला. सोयरिकीतून तो अजून निघालेला नाही. तिच्या आजीला मी अहिराणीत विचारले, ‘काय व्हयनं?’ म्हातारीने सगळे सांगितले. ‘डोयासमोर अंधारी उनी’ असे पोर आधी म्हणते, घामाघूम होते, पांढरीफटक पडते. आडवी केली की लगेच शुद्धीवर येऊन बोलू लागते. ही फिट नव्हती, घेरी होती. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असलेला मेंदू वीस टक्के प्राणवायू खातो आणि साठा जवळजवळ ठेवत नाही. सात-आठ सेकंद रक्त पोहोचले नाही की शुद्ध हरपते, हातपायही झटकतात. हे आपण पहिल्या वर्षाला शिकतो आणि परीक्षा झाली की सोडून देतो. हृदयाचा आलेख पाहिला, गोळ्या हळूहळू उतरवून बंद केल्या. मुलगी पुढे शिकली.

मी यंत्राच्या विरोधात आहे, असे काही मित्र म्हणतात. ते खरे नाही. मध्येच टक लावून बसणाऱ्या मुलाच्या आलेखात सेकंदाला तीनच्या गतीने टोकदार लहरी दिसल्या, तर त्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही. पण मूल टक लावून बसते, हे आधी कोणीतरी सांगावे लागते आणि आपण ऐकावे लागते.

फिट पाहणाऱ्याला विचारायच्या प्रश्नांचा कागद अहिराणीत तयार व्हावा. घरच्यांना मोबाइलवर फिटचे चित्रण करायला शिकवावे. धुळे-जळगावच्या शासकीय महाविद्यालयांतले शरीरक्रियाशास्त्राचे शिक्षक आपल्या बैठकांना यावेत. कसे आणि कधी, ते कार्यकारिणी ठरवील. पण ईईजीच्या चिठ्ठीवर, फिट पाहणाऱ्याने काय सांगितले, ते दोन ओळींत लिहायला उद्यापासूनच सुरुवात करा. त्यासाठी ठराव लागत नाही.