कट् आवाज आणि कंबरेचे दुखणे

आमचे खापा हे कन्हान नदीच्या काठचे जुने विणकरांचे गाव. हातमागावर तासन् तास वाकून बसणारा विणकर, जवळच्या गुमगावच्या मँगनीज खाणीत राबणारा कामगार, निंदणाला आणि कापूस वेचायला जाणारी बाई, या सर्वांचे एक दुखणे सारखे आहे. ते म्हणजे कंबर. ज्याचे पोट पाठीवर चालते, त्याची कंबर धरली की घरची चूलही थंडावते. म्हणून अशा माणसाला इलाजासाठी कोण बोलावतो आणि काय सांगून बोलावतो, हे पाहिले पाहिजे.

आज हे बोलावणे मोबाईलवर येते. टेबलावर रुग्ण आडवा पडलेला असतो. उपचार करणारा त्याची मान वळवतो, कट् असा आवाज येतो, रुग्ण हसतो आणि खाली फोन नंबर झळकतो. या उपचाराला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. हातांनी मणक्याच्या सांध्यांना नेमका झटका देण्याची ही पद्धत. इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवरचे असे व्हिडिओ हा नवे पेशंट मिळवण्याचा मार्ग झाला आहे.

मार्ग नवा, पण युक्ती जुनी. अमेरिकेतील आयोवा राज्यात डेव्हनपोर्ट येथे १८९५ साली डी. डी. पामर यांनी ही पद्धत सुरू केली. त्यांचे चिरंजीव बी. जे. पामर यांनी १९२२ साली चक्क एक रेडिओ केंद्र विकत घेतले आणि आपल्या उपचाराचा डंका घरोघर वाजवला. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन १९३२ साली याच डब्ल्यूओसी केंद्रावर निवेदक म्हणून लागले होते. आपल्याकडेही १९६७ साली विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, त्या मुंबई, पुणे आणि आपल्या नागपूरहून. तेव्हा दोष माध्यमाचा नाही. त्यातून काय सांगितले जाते, हा खरा मुद्दा.

तो कट् आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार होते, तेव्हा तो येतो. बोटे मोडतानाही असाच आवाज होतो. त्यावरून रोग बरा झाला असे ठरत नाही. याचा अर्थ उपचार निव्वळ थोतांड आहे, असाही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी ज्या सूचना दिल्या, त्यांत व्यायामाबरोबर मणक्यावरील हस्तोपचारालाही जागा आहे. मात्र मानेला दिलेल्या झटक्यानंतर क्वचित रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. हाडे ठिसूळ झालेली, पायातली शक्ती गेलेली, लघवीवरचा ताबा सुटलेला, कंबरदुखीबरोबर ताप असलेला, अशा माणसाने झटका घेऊ नये. त्याने आधी रुग्णालय गाठावे. व्हिडिओत हे कोण सांगतो?

अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांना २००२ च्या आचारसंहितेने रुग्णांना आपल्याकडे ओढण्यास मनाई केली आहे. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, फी अमुक आहे, एवढे ते जाहीर करू शकतात. सार्वजनिक आरोग्यावर रेडिओवरून बोलण्याचीही त्यांना मुभा आहे. कायरोप्रॅक्टिकसाठी मात्र आपल्या देशात वेगळी वैधानिक परिषद नाही. त्यामुळे पारखण्याचे बरेचसे ओझे रुग्णावरच पडते.

‘जाहिरात’ हा शब्द ‘जाहीर’वरून आला. त्याचे मूळ अरबी ‘जाहिर’, म्हणजे जे वर दिसते ते. अरबीत त्याचा जोडीदार शब्द आहे ‘बातिन’, म्हणजे जे आत दडलेले आहे ते. दुखणे नेहमी बातिन असते. वरचा आवाज कितीही मोठा असो, आतले दुखणे त्याला बांधलेले नसते.

प्रामाणिक उपचारकाने मोबाईल वापरू नये, असे मी म्हणणार नाही. विणकराने मागावर कसे बसावे, ओझे उचलताना गुडघे कसे वाकवावे, हे त्याने दाखवावे. आपले शिक्षण आणि फी स्पष्ट लिहावी. रुग्णाचा चेहरा त्याच्या संमतीशिवाय दाखवू नये. कळवळणारा माणूस म्हणजे तमाशा नव्हे. आणि कोणी आपल्याकडे येऊ नये, हे सर्वांत आधी सांगावे. जो पेशंटला परत पाठवू शकतो, त्याच्यावर गाव विश्वास ठेवते.

आपणही जाण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. आपले शिक्षण काय? माझ्या दुखण्याचे कारण काय? यात धोका कोणता? उत्तर देण्याऐवजी समोरचा आणखी एक व्हिडिओ दाखवू लागला, तर चप्पल घालून सरळ बाहेर पडावे.