कारखान्यातील परीक्षक

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराच्या ह्या प्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने केली, त्याबद्दल मी ऋणी आहे. प्रथम एक कबुली देतो. "अभ्यास केला नाहीस तर कारखान्यात यंत्रावर उभा राहशील," हे वाक्य मी वर्गात तीस वर्षे उच्चारीत आलो. ऐरणीवर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरलेल्या ज्ञातीतील शिक्षकाने असे बोलावे! लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या तंत्रशाळेत शिक्षक होते आणि १९१० साली त्यांनी कुंडलच्या माळावर कारखाना उभारला, हा धडाही मीच शिकवीत असे. असो.

माझा पुतण्या कोल्हापूरजवळच्या एका कारखान्यात प्रथम संगणकनियंत्रित लेथवर ऑपरेटर होता. पुढे गुणवत्ता निरीक्षक झाला. त्याच्या खात्यात २५ मिलिमीटर व्यासाचे बोअर असलेले भाग तयार होतात. हे बोअर मोठे व्हावे तर जास्तीत जास्त ०.०२१ मिलिमीटरने, लहान तर मुळीच होता कामा नये. म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा सुमारे तिसरा हिस्सा! मोजमापासाठी प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस ठरलेले आहे. यंत्रावरून उतरलेला पोलादी जॉब त्याहून २० अंशांनी गरम असेल, तर तेवढ्यानेच बोअर सुमारे ०.००६ मिलिमीटर मोठे भरते. जॉब निवेपर्यंत थांबण्याचा धीर हाही ह्या विद्येचाच भाग आहे.

गतवर्षी ऐन महिनाअखेरीस त्याने एक संपूर्ण लॉट अडवला. कापणाऱ्या हत्याराची टिप झिजते तसतसे बोअर लहान होऊ लागते. ऑपरेटर ऑफसेट वाढवून ते सांभाळीत असतो. त्या दिवशी नवी टिप बसवली, परंतु ऑफसेट पूर्ववत केला नाही आणि पहिला जॉब मोजलाही नाही. लहान बोअर पुन्हा कापून सुधारता येते. मोठे झालेले बहुधा भंगारातच जाते.

तो ऑपरेटर आपल्याच ज्ञातीतला, माझाच विद्यार्थी. त्याचे वडील रात्री माझ्याकडे आले. मी पुतण्याला म्हणालो, "सांभाळून घे रे, आपलाच मुलगा आहे. मीदेखील दोन गुणांनी अडलेली मुले वर चढवली आहेत."

"अण्णा, तुमचे दोन गुण तो मुलगा पुढच्या इयत्तेत भरून काढील. हे भोक कोण भरून काढणार?"

मला राग आला, हे लपवीत नाही.

खंडेनवमीला त्या कारखान्यात यंत्रपूजनासाठी घरच्या मंडळींना बोलावतात. तेथे लाल पेटीतला एक जॉब त्याने माझ्या हाती दिला आणि सोबत प्लग गेज. गेजचे 'गो' टोक बोअरमध्ये गेलेच पाहिजे, 'नो-गो' टोक जाता कामा नये. डोळ्यांना कसलाच दोष दिसत नव्हता. दुसरे टोक मी स्वतः लावले. तेही अलगद आत गेले.

त्या मुलाचे वडील आज ह्या मंडपात बसलेले आहेत. तेव्हापासून आमच्यात बोलणे नाही. त्यांचा मुलगा त्याच यंत्रावर आहे. टिप बदलली की पहिला जॉब स्वतः मोजतो आणि माझ्या पुतण्याला हाक मारून दाखवतो. हे त्यांच्या कानी गेले आहे की नाही, मला ठाऊक नाही. म्हणून येथे सांगितले.