पाकिटावरची तारीख



अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात, ओसरीच्या भिंतीवर, एक उडणारा इंद्र आहे. त्याला पंख नाहीत. तरी तो वेगानं चाललाय हे लगेच कळतं, कारण गळ्यातले अलंकार वाऱ्यानं मागं उडालेत आणि ढग मागं पडताहेत. पंधराशे वर्षांपूर्वीच्या चित्रकारानं उड्डाण दाखवलं ते असं.

मी टपाल तिकिटं जमवतो. स्वतंत्र भारताच्या तिकिटांवर अजिंठा आला तो हत्तीच्या पाठीवर बसून. १५ ऑगस्ट १९४९ ला पुरातत्त्व मालिका निघाली, सोळा तिकिटांची. तिच्यातल्या सगळ्यांत स्वस्त, तीन पैच्या तिकिटावर अजिंठ्याचा हत्ती आहे. माझ्या संग्रहाचा विषय आकाश, त्यामुळे हत्तीला त्यात जागा नाही. इंद्र असता तर पहिल्या पानावर बसवला असता!

विमानानं टपाल नेण्याचा जगातला पहिला अधिकृत प्रयोग आपल्याच देशात झाला. १८ फेब्रुवारी १९११ ला आंरी पेके या फ्रेंच वैमानिकानं अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रं नेली. पुढे १९२९ मध्ये खास हवाई टपालासाठी सहा तिकिटं निघाली. छपाई नाशिकची, चित्र हर्क्युलस विमानाचं. विमानानंतर अवकाशयान येणार हे ठरलेलंच होतं, आणि माझा जीव अडकला तो तिथे, म्हणजे अवकाशाच्या फर्स्ट डे कव्हरांत.

फर्स्ट डे कव्हर म्हणजे नवं तिकीट ज्या दिवशी विक्रीला येतं, त्याच दिवसाचा शिक्का मारलेलं पाकीट. डाव्या बाजूला छापील चित्र असतं आणि नवखा माणूस त्यावरच भाळतो. माझं म्हणणं, चित्र नंतर बघा. आधी शिक्क्यावरची तारीख वाचा.

‘चंद्रावर पहिला मानव’ हे आपलं २० पैशांचं तिकीट घ्या. शिक्का आहे १९ नोव्हेंबर १९६९ चा. त्या मोहिमेचे अंतराळवीर आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स मुंबईत येऊन गेले २६ ऑक्टोबरला, म्हणजे महिनाही उलटला नव्हता. आणि १९ नोव्हेंबरलाच अपोलो १२ चंद्रावर उतरलं. पहिल्या माणसाचं तिकीट खिडकीवर विकलं जात होतं, त्याच दिवशी तिसरा आणि चौथा माणूस वर फिरत होता. हे पाकिटावर कुठेही छापलेलं नाही, तारखेवरून काढावं लागतं.

आर्यभट्ट उपग्रह १९ एप्रिल १९७५ ला सोडला आणि तिकीट आलं दुसऱ्याच दिवशी. नाशिकला काही रातोरात तिकिटं छापत नाहीत. म्हणजे उड्डाणाआधीच गठ्ठे तयार असणार. अंतराळवीर राकेश शर्मांच्या वेळी तर ३ एप्रिल १९८४ ला यानही उडालं आणि तीन रुपयांचं तिकीटही निघालं, एकाच दिवशी. उड्डाण लांबलं असतं तर? टपाल खात्याची ही हिंमत मला फार आवडते.

अमेरिकेची गंमत वेगळी. त्यांनी चांद्रविजयाचं दहा सेंटचं हवाई टपालाचं तिकीट काढलं ९ सप्टेंबर १९६९ ला. त्याचा मूळ ठसा चंद्रावर नेऊन परत आणला होता. सोबत एक पाकीटही होतं, शिक्क्यावर तारीख २० जुलै. पण चंद्रावर शिक्का मारायला सवड कुठली! तो मारला परतीच्या वाटेवर. तारीख चंद्रावर उतरल्याची, शिक्का मात्र नंतरचा आणि दुसऱ्याच जागी मारलेला. या तिकिटाची पहिल्या दिवसाची पाकिटं निघाली ८७ लाखांवर. त्यामुळे कुणी ‘दुर्मिळ’ म्हणून गळ्यात मारू लागला तर हसून पुढं जा. भाव वाढतो तो दुर्मिळतेनं, आणि तिच्यापायी माणसं घसरतात. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी परवानगीवाचून चारशेच्या आसपास पाकिटं लपवून चंद्रावर नेली. त्यातली शंभर एका जर्मन व्यापाऱ्याकडे गेली. बोभाटा झाला आणि तिघांवर कारवाई झाली.

आता जपणुकीचं. पाकिटाला लॅमिनेशन करू नका. अजिंठ्याची चित्रं टिकावीत म्हणून त्यांवर वार्निश चढवलं होतं. पुढे तेच पिवळं पडलं आणि ते उतरवणं जिकिरीचं झालं. पाकिटाचं तेच होतं. सेलोटेप लावू नका, स्वस्त प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. आम्लरहित कागदात ठेवा, पावसाळा सरला की कपाटाबाहेर काढून हवा द्या, पण उन्हात नको.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी महागाच्या मागं लागू नये. मोठ्या टपाल कार्यालयांत फिलाटेलिक ब्युरो असतो. तिथे खातं उघडून पैसे भरून ठेवले की नवी तिकिटं आणि कव्हरं घरपोच येतात. जुनं पाकीट विकत घेताना भिंग सोबत ठेवा. शिक्क्याची रेघ तिकिटावरून पाकिटावर सलग उतरली आहे ना, तेवढं पाहा. मध्येच तुटली असेल, तर तिकीट मागाहून चिकटवलेलं असण्याचा संभव आहे. अशा वेळी घासाघीस करण्यात अर्थ नाही, पाकीट परत करावं.