पाठीशी उभे राहणारे माणूस

वयात येऊ लागलेले मूल उलट बोलू लागले, की सारा दोष त्याच्या संगतीवर टाकून घरचे मोकळे होतात. त्या संगतीत वडीलधाऱ्यांची गणना मात्र कोणी करीत नाही. या संदर्भात प्रशांत महासागरातील कवाई बेटावर झालेले दीर्घ निरीक्षण ध्यानी घेण्याजोगे आहे.

हवाई द्वीपसमूहातील हे बेट त्या काळी उसाच्या मळ्यांचे होते. तेथे 1955 साली जन्मलेल्या 698 बालकांचा मागोवा एमी वर्नर व रूथ स्मिथ या विदुषींनी थेट चाळिशीपर्यंत घेतला. त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश बालकांच्या वाट्यास दारिद्र्य, गृहकलह, आईबापांचे व्यसन वा मनोविकार असे भोग एकदमच आले होते. त्यांतील ज्यांच्यावर असे चार किंवा अधिक भोग कोसळले, त्यांपैकी दोनतृतीयांश मुले अठराव्या वर्षापर्यंत अभ्यासात मागे पडली वा वर्तनाने बिघडली. उरलेली 72 मात्र समंजस, उद्योगी व दुसऱ्याची काळजी वाहणारी निघाली.

याचे कारण काय? जन्मजात गोड स्वभावाचाही त्यात वाटा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण घरच्या गोंधळातही एका तरी माणसाशी त्यांचा लहानपणीच जिव्हाळा जडला होता. आईबापांस ते साधले नाही तेथे आजी, आजोबा, मावशी, थोरले भावंड पुढे झाले. पुढे शाळेत एखादे गुरुजी भेटले; नुसते धडा देणारे नव्हेत, तर मनातले ज्यांना सांगावे असे. मुलग्यांना कित्ता गिरविण्यास घरात कोणी कर्ता पुरुष व काही शिस्त लाभली, मुलींना एखाद्या वडील स्त्रीची खात्रीची माया.

आणखी एक गोष्ट लाडावलेल्या घरांस रुचणार नाही. या मुलांकडून काम घेतले जाई. धाकट्या भावंडांस सांभाळणे त्यांच्याकडे असे. आपल्यावाचून कोणाचे तरी अडते हे उमगले, की पोर चारचौघांतही जपून वागते. उत्सवाच्या पंगतीत पाणी वाढणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांची नावे किती जणांस ठाऊक असतात?

आणि जी मुले बिघडली, त्यांतलीही पुष्कळशी तिशी-चाळिशीपर्यंत सावरली. कोणास समजूतदार जोडीदार लाभला, कोणी पुन्हा शिक्षण घेतले, कोणी सैन्यात गेले, कोणास उपासकांच्या मेळ्यात आपली माणसे मिळाली.