दोन इंजिनांचे विमान
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील एका भाषणाचा मजकूर)



17 डिसेंबर 1903 रोजी राइट बंधूंचे यंत्रचलित विमान प्रथम आकाशात झेपावले. त्यानंतर बरोबर 32 वर्षांनी, 17 डिसेंबर 1935 रोजी, डग्लस कंपनीच्या डीसी-3 या दोन इंजिनांच्या विमानाने अमेरिकेत पहिले उड्डाण केले. भारतात हे विमान ‘डाकोटा’ या नावाने घरोघरी परिचित झाले. 27 ऑक्टोबर 1947 रोजी शीख रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीचे जवान दिल्लीहून श्रीनगरला उतरले ते डाकोटांतून. 24 मे 1948 रोजी एअर कमोडोर मेहरसिंग यांनी जनरल थिमय्यांना बरोबर घेऊन लेहच्या वाळूत विमान उतरवले, तेही डाकोटाच. समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांहून अधिक उंचीवरील ती धावपट्टी घाईघाईने तयार केलेली होती. त्या पिढीतील एक विमान दुरुस्त होऊन 2018 साली भारतीय वायुदलात परत आले आणि त्याला ‘परशुराम’ हे नाव मिळाले.

या विमानाची लहान प्रतिकृती स्वतःच्या हातांनी बांधून रेडिओच्या साहाय्याने उडवणे हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. खऱ्या डाकोटाचा पंखविस्तार सुमारे 29 मीटर. प्रतिकृतीचा साधारण दोन मीटर. आकार चौदा-पंधरा पटींनी घटला, तरी हवेचे नियम तेच राहतात आणि ते लहानमोठा असा भेद करीत नाहीत.

संचाची पेटी उघडली की प्रथम निराशाच पदरी येते. चित्रात चकाकणारे विमान, आणि पेटीत मात्र लाकडाच्या पातळ फळ्या, काड्या, प्लायवूडचे तुकडे आणि घडी घातलेला मोठा नकाशा. यातील बहुतेक लाकूड बाल्साचे असते. हे झाड मूळचे उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील. जगाला होणारा त्याचा पुरवठा मुख्यत्वे इक्वेडोरमधून होतो. बाल्साच्या एका घनमीटरचे वजन साधारण 100 ते 200 किलो भरते, तर सागवानाचे साडेसहाशेच्या आसपास. मात्र एकाच पेटीतील दोन फळ्यांच्या वजनात दुपटीचाही फरक असू शकतो. म्हणून जाणकार मनुष्य पहिल्या दिवशी चिकटवणाला हात लावीत नाही. तो प्रत्येक फळी तोलून पाहतो, जड लाकूड विमानाच्या मध्यभागासाठी राखतो आणि हलके लाकूड शेपटीकडे व पंखांच्या टोकांकडे पाठवतो.

यानंतरचे काम सुताराचे आहे आणि त्याची परिभाषाही सुताराचीच आहे. पंखाच्या लांबीभर जाते ती तुळई. तिच्यावर आडव्या बसतात त्या फासळ्या. हलणारे भाग जोडते ती बिजागरी. सपाट फळीवर नकाशा पसरायचा, त्यावर मेणकागद ठेवायचा आणि प्रत्येक फासळी गुण्या लावून काटकोनात उभी करायची. वरची तुळई आणि खालची तुळई यांच्यामध्ये उभ्या तंतूंच्या बाल्साचे पडदे बसवायचे. हे पडदे वजनाने नगण्य असतात, परंतु त्यांच्यामुळे दोन अशक्त काड्यांची मिळून एक भक्कम तुळई होते. पंख वाकू लागला की वरची काडी दाबली जाते आणि खालची ताणली जाते. त्या दोघींना एकमेकींवरून सरकू न देणे हे पडद्याचे काम. पडद्याचे तंतू उभे न ठेवता आडवे ठेवले, तर पहिल्याच जोरदार वळणात पंख मिटतो.

अनेक नकाशांवर एकाच बाजूच्या पंखाचे चित्र असते. दुसरा पंख त्याच चित्रावर जसाच्या तसा बांधला, तर हाती दोन डावे पंख येतात. जुने कारागीर यावर सोपा उपाय करीत. कागदाला तेल पुसले की रेघा पाठीमागून दिसू लागतात. कागद उलटा पसरला की उजव्या पंखाचा नकाशा तयार!

सांध्यांविषयी एक इतिहास सांगण्याजोगा आहे. दुसऱ्या महायुद्धात डी हॅविलंड कंपनीचे ‘मॉस्किटो’ हे दोन इंजिनांचे विमान प्रामुख्याने लाकडाचे होते. बर्चच्या प्लायवूडचे दोन थर आणि मध्ये बाल्सा, अशी त्याच्या धडाची रचना होती. वेगाने ते भल्याभल्या धातूच्या विमानांना मागे टाकी. परंतु 1944 साली भारत-ब्रह्मदेश आघाडीवर त्यातील काही विमानांचे पंख हवेतच निकामी झाले आणि तपासणीत सांध्यांची जोडणी सदोष असल्याचे आढळले. लाकूड उत्तम होते. दोन लाकडांमधली फट डोळ्यांना दिसत नव्हती. प्रतिकृती बांधणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. फट राहिली तर ती चिकटवणाने बुजवू नये. तुकडा पुन्हा घासून बसवावा.

डाकोटाचा पंख तीन भागांचा असतो. मधला भाग सरळ, त्याच्या दोन बाजूंना इंजिनघरे, आणि त्यापलीकडे किंचित वर उचललेले बाहेरचे दोन पंख. बाहेरच्या पंखांना टोकाकडे जाताना थोडा पीळ द्यावा लागतो. टोकाची मागची कड एक-दोन अंशांनी वर ठेवावी लागते. निमुळत्या पंखाचे टोक वेग कमी होताच आधी उचल गमावते आणि विमान एका कुशीवर कोसळते. पीळ दिल्याने पंखाचा बुंधा आधी हार मानतो, टोके टिकतात आणि विमान नाक खाली घालून सावरते. वरचे आवरण इस्त्रीने तापवून ताणताना हाच पीळ नकळत बदलू शकतो. दोन पंखांचे पीळ असमान झाले, तर बाहेरून देखणे दिसणारे विमान आतून वाकडे राहते.

येथपर्यंतचे काम एका इंजिनाच्या विमानातही थोड्याफार फरकाने हेच असते. दोन इंजिनांचा खरा प्रश्न यापुढे सुरू होतो.

सर्वसाधारण समजूत अशी की दोन इंजिने म्हणजे दुप्पट सुरक्षितता. हिशेब मांडला तर वेगळेच दिसते. दोन इंजिने असली की त्यांपैकी एखादे बंद पडण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट होते. आणि ते बंद पडले की केवळ अर्धे बळ जाते असे नव्हे. उरलेले अर्धे बळ विमानाला एका बाजूला फिरवू लागते.

उदाहरणादाखल आकडे घेऊ या. प्रत्येक इंजिनाची ओढ दोन किलो असून ते मध्यरेषेपासून 30 सेंटिमीटरवर आहे असे मानावे. डावे इंजिन थांबले, तर उजवे इंजिन 2 गुणिले 30, म्हणजे 60 किलो-सेंटिमीटरच्या जोराने विमानाचे नाक डावीकडे वळवते. त्याला अडवणारे सुकाणू गुरुत्वमध्यापासून 90 सेंटिमीटर मागे असेल, तर त्याने सुमारे 670 ग्रॅम बल लावले पाहिजे. पूर्ण वेगात ते सुकाणू दीड किलोपर्यंत बल देऊ शकत असेल, तर चिंतेचे कारण नाही. परंतु सुकाणूचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला की बल चौथ्या हिश्शावर येते; दीड किलोचे जेमतेम 375 ग्रॅम उरतात. या उदाहरणात वेग दोन-तृतीयांशाच्या खाली गेला, की सुकाणू पूर्ण वळवूनही विमान सरळ राहू शकत नाही. मोठ्या विमानांच्या वैमानिकांना हा किमान वेग तोंडपाठ असावा लागतो. प्रतिकृतीच्या चालकासमोर वेगाचा काटा नसतो. त्याला डोळ्यांनीच तो ओळखावा लागतो.

अशा क्षणी मनुष्याची उपजत बुद्धी त्याचा घात करते. विमान खाली येऊ लागलेले दिसते. हात आपोआप नाक वर उचलतो, म्हणजे वेग आणखी घटतो. आणि थ्रॉटल पुढे ढकलतो, म्हणजे चालू इंजिन विमानाला आणखी जोराने फिरवते. क्षणार्धात एक पंख पडतो आणि सहा महिन्यांचे श्रम जमिनीत रुततात. योग्य कृती याच्या नेमकी उलट आहे. चालू इंजिनाचे बळ कमी करायचे, नाक थोडे खाली न्यायचे, सुकाणू चालू इंजिनाच्या बाजूला द्यायचे आणि जेथे जागा असेल तेथे शक्य तितके सरळ उतरायचे. उंची स्वखुशीने सोडायची, पण ताबा सोडायचा नाही. ही गोष्ट वहीत उतरवून घ्यायला एक मिनिट पुरते. हाताला ती शिकवण्यासाठी पुष्कळ सराव लागतो.

म्हणून दोन्ही इंजिने बंद पडणारच नाहीत अशी तजवीज बांधणीपासूनच करावी लागते. इंधनाची इंजिने असतील, तर प्रत्येकाला स्वतंत्र टाकी आणि स्वतंत्र सर्व्हो असावा. या छोट्या इंजिनांचे इंधन बहुधा मिथेनॉल आणि वंगणासाठी एरंडेल किंवा कृत्रिम तेल यांच्या मिश्रणाचे असते. प्रत्येक इंजिन आधी एकटे चालवून पाहावे, विमानाचे नाक आकाशाकडे धरून पूर्ण बळावरही ते दम टाकत नाही याची खात्री करावी आणि इंधनाचे प्रमाण किंचित समृद्धच ठेवावे. शे-दोनशे फेऱ्या कमी मिळाल्या तर बिघडत नाही. भरवसा मिळणे अधिक मोलाचे. विजेच्या मोटारी असतील, तर त्यांच्या दोन वेगनियंत्रकांपैकी एकाचीच वीज रेडिओ-ग्राहकाला द्यावी आणि दुसऱ्याची लाल तार मोकळी करून नीट गुंडाळून ठेवावी.

दोन्ही इंजिनांचा वेग जुळवण्याचे काम कानानेही करता येते. तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा जुळत येतात तेव्हा नादात संथ लाटा ऐकू येतात. तारा जवळ आल्या की लाटा मंदावतात आणि एका सुरात विरून जातात. इंजिनांचेही तसेच आहे. दुहेरी टप्प्याचे इंजिन प्रत्येक फेरीत एकदा स्फोट करते. दोन इंजिनांमध्ये मिनिटाला 60 फेऱ्यांचा फरक असेल, तर सेकंदाला एक लाट ऐकू येते. 30 फेऱ्यांचा असेल, तर दोन सेकंदांना एक. संगीताच्या तासाला कान तयार झालेली मुलगी विमानाच्या मैदानावर यंत्राशिवाय हे सांगू शकते. विषयांच्या वेळापत्रकात या दोन तासांमध्ये भिंत असते. निसर्गात ती नाही.

शेवटी उड्डाणाचा दिवस येतो. गुरुत्वमध्य नकाशावर दाखवलेल्या जागीच आहे, हे पंखाखाली दोन बोटे धरून पाहायचे. शेपटीकडे झुकणारे विमान जमिनीवर दुरुस्त होते, हवेत होत नाही. रेडिओचा पल्ला कमी शक्तीवर चालत जाऊन तपासायचा. सुकाणू उजवीकडे म्हटले की ते उजवीकडेच वळते, याची खात्री दुसऱ्या माणसाकडून करून घ्यायची. बांधणाऱ्याचा डोळा अपेक्षित तेच पाहतो. 2021 च्या ड्रोन नियमांत शिक्षण, संशोधन वा छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या 25 किलोपर्यंतच्या प्रतिकृतींचा स्वतंत्र उल्लेख आहे. तेव्हा नियमांचा नकाशा पाहून, परवानगीच्या क्षेत्रातच मैदान निवडायचे. वारा तोंडावर घ्यायचा. डाकोटाचे लहान चाक शेपटीखाली असल्यामुळे धावताना ते बाजूला वळू पाहते. म्हणून बळ हळूहळू वाढवायचे आणि विमान पुरेसा वेग घेईपर्यंत ते जमिनीवरून उचलण्याची घाई करायची नाही.

विद्यार्थिमित्रहो, आज खोक्यातून काढून तासाभरात उडवता येतील अशी फोमची तयार विमाने बाजारात मिळतात. ती वाईट नाहीत; हात बसवण्यासाठी चांगलीच आहेत. परंतु मोडलेले तयार विमान फेकले जाते आणि स्वतः बांधलेले विमान दुरुस्त होते, कारण त्याची प्रत्येक फासळी कोठे आहे हे बांधणाऱ्याला ठाऊक असते. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत विमान-प्रतिकृतींचे शिक्षण आजही दिले जाते, त्याचे मर्म हेच आहे.

महाराष्ट्राबाहेर, इतर भाषांच्या शेजारात साठ वर्षे उभी असलेली मराठी शाळा हेच काम वेगळ्या साहित्याने करीत आली आहे. संचाबरोबरची पुस्तिका इंग्रजीत असते. मैदानावर शेजारी उभा असलेला मदतनीस स्थानिक भाषेत बोलतो. पण तुळई, फासळी, खाच, गुण्या आणि ओळंबा हे शब्द ज्याला घरातून मिळाले, त्याला नकाशावरची रेघ आणि हातातले लाकूड यांच्यामधले अंतर कमी वाटते. शाळेच्या कार्यशाळेत एक सपाट फळी, एक गुण्या, थोडा पॉलिश पेपर आणि चार मुलांना पुरेल एवढा निवांत वेळ ठेवला, तर हीरक महोत्सवाची ती सर्वांत टिकाऊ भेट ठरेल. पहिले विमान कदाचित पडेल. तेव्हा ते तुकडे टाकून न देता फळीवर परत मांडावेत, कोणता सांधा आधी सुटला ते शोधावे आणि दुसऱ्या पंखाच्या नकाशाला तेल पुसायला घ्यावे.