आंबागडचा चढ आणि हिवाळ्याचा छोटा दिवस
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मोठे विषय मोठ्या वक्त्यांनी घेतले. आमच्या वाट्याला आंबागडची वाट आली आहे, ती आम्ही आनंदाने घेतो. तुमसरहून बारा-तेरा किलोमीटर, सातपुड्याच्या टोकाची ही एक लहानशी टेकडी. सन १७०० च्या सुमारास, देवगडच्या बख्त बुलंद राजाच्या अमलात राजाखान पठाणाने किल्ला बांधला. पुढे भोसल्यांच्या काळात तिथे कैदी ठेवत, असे सांगतात. दगड कोणी वर चढवले ते कोणी सांगत नाही, आमच्यासारखेच असतील.

काही लोक विचारतात, दिवसभर मिलमध्ये पोती वाहणाऱ्याने सुट्टीच्या दिवशी डोंगर कशाला चढावा? आम्ही म्हणतो, पोतं पाठीवर नसताना चालणं काय असतं, ते त्यालाच तर कळायला पाहिजे. आणि विड्या वळणाऱ्या आमच्या बाया, सकाळपासून सूप मांडीवर घेऊन बसतात, गुडघे आखडून जातात. त्यांनी का नाही यावं? पहिल्या वर्षी एकही बाई नव्हती. मागच्या वर्षी नऊ होत्या.

डिसेंबरचा महिना चालायला चांगला. धान कापून झालेलं असतं, बांध्यांमध्ये लाखोळी हिरवी दिसते. पहाटे थंडी खाली सखल भागात साचते, म्हणून बांध्यांवर धुकं पांढरंफेक पसरलेलं असतं आणि थोडं वर चढलं की अंगाला जरा उबदार लागतं. नवीन माणसाला हे खोटं वाटतं, पण चढून पाहावं. हं, पण हा महिना दिसतो तितका सोपा नाही. आपल्याकडची थंडी हलकी समजू नये. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरला पारा ३.५ अंशावर गेला होता.

चढताना घाम येतो, बनियन ओलं होतं. वर वाऱ्यात बसलं की तेच ओलं बनियन अंगातली ऊब ओढून घेतं. म्हणून स्वेटर चढताना काढून पिशवीत ठेवावं, बसल्याबरोबर घालावं. एक कोरडं बनियन सोबत असलं तर फारच बरं. सावलीच्या बाजूच्या दगडांवर दहा-दहा वाजेपर्यंत दव असतं. सागाची वाळली पानं दगड झाकून टाकतात, पाय कुठे पडतो ते समजत नाही. घसरतो तो बहुतेक उतरतानाच. चप्पल नको, कापडी बूट चालतील. तहान लागत नाही म्हणून पाणी पीत नाहीत आणि मग डोकं दुखते म्हणतात. तेव्हा पाणी प्यावं. अस्वलाचं जंगल आहे, बोलत चालावं. पण जुन्या बुरुजांना, कपारींना आग्या मोहोळ असतं, तिथे मात्र चूप. धूर नको, अत्तर लावून येऊ नये. वाळल्या पानांत विडी पेटवणाऱ्याला आम्ही तिथूनच परत पाठवू, मग तो कोणी का असेना.

आता मागच्या वर्षीचं. गाडी उशिरा आली, चढायला दोन वाजले. आमचे एक जुने सहकारी सोबत होते. तीस वर्षं त्यांनी राईस मिलमध्ये कोंड्याची धूळ खाल्ली आहे. अर्ध्याच्या थोडं वर, साडेतीनला, त्यांचा दम भरून आला. बसले. वर किल्ल्याचा दरवाजा दिसत होता. पोट्टे म्हणाले, "काका, तुम्ही बसा, आम्ही पळत जाऊन येतो." आम्ही नाही म्हटलं. सूर्य साडेपाचला बुडतो, झाडीत त्याच्याही आधी अंधारते, आणि टॉर्च एकच. अर्धे वर, अर्धे खाली, मधात जंगल, हे आम्हाला मान्य नव्हतं. सगळे परतलो. पायथ्याशी पोचलो तेव्हा सव्वापाच. पाऊण तासाने एकमेकांचे चेहरे ओळखू येत नव्हते.

तरुण नाराज झाले, दोन-चार जण महिनाभर विहारात आले नाहीत. ते आलेत आता, मागे उभे आहेत. त्याचं आम्हाला दुःख नाही. दुःख याचं आहे की त्या दिवसापासून ते सहकारी म्हणतात, "माझ्यामुळे पोरांचा किल्ला राहिला, मी आता येत नाही."

का येत नाही? डोंगर कुठे पळून चालला आहे? यावर्षी आम्ही ठरवलं आहे की गाडी पहाटे साडेपाचला विहारासमोर उभी राहील. सूर्य पावणेसातच्या सुमारास निघतो, तेव्हा पायथ्याशी असू. सर्वांच्या पुढे ते चालतील आणि कोणी त्यांच्या पुढे जाणार नाही. ते बसले की सगळे बसतील. दुपारी दोनला, कुठेही असलो तरी, उतरायला लागायचं. भाकर-चटणी ज्याची त्याने आणावी, टॉर्च दर चार माणसांमागे एक. दोरी आम्ही आणू.

नावं रविवारपर्यंत द्यावी. यादीत पहिलं नाव आम्ही त्यांचंच लिहिलं आहे. ते इथे समोरच बसले आहेत. भाऊ, नाही म्हणायचं असेल तर आत्ता, सगळ्यांसमोर म्हणा.